परतीचं तिकीट : विमानं थांबली तेव्हा



आजचा विषय पाहून काही जणांना वाटलं असेल की हा इतिहास कसा? मार्च २०२० म्हणजे तर कालपरवाची गोष्ट. पण एखादी गोष्ट इतिहासाची कधी होते? तिची कागदपत्रं आपल्यासमोर येतात आणि तिला जुन्या गोष्टींशेजारी ठेवून प्रश्न विचारता येतात, तेव्हा. २०२० चे सरकारी आदेश, न्यायालयांचे निकाल, विमानांची वेळापत्रकं, तिकिटांचे दर हे सगळं आता उपलब्ध आहे. तेव्हा आपण फक्त भीतीच्या आठवणी सांगत बसण्याचं कारण नाही.

माझा आजचा प्रश्न साधा आहे. एक माणूस परदेशात गेला. शिकायला, नोकरीला, मुलीच्या बाळंतपणाला, कशालाही. त्याच्याजवळ परतीचं तिकीट आहे, पैसे भरलेले आहेत. आणि साथ येते, विमान कंपनी एका ओळीचा ईमेल पाठवते : तुमचं उड्डाण रद्द झालं आहे. आता या माणसाला घरी आणण्याची जबाबदारी कोणाची? विमान कंपनीची? त्याच्या सरकारची? ज्या देशात तो अडकला त्या देशाची? की त्याची त्यानं बघावी?

२०२० साली जगभरात लाखो लोकांनी हा प्रश्न विचारला, आणि चौघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. ते तसं का झालं, हे आपल्याला आज बघायचं आहे.

अकरा दिवसांत बंद झालेलं दार

आधी तारखा नीट लावून घेऊ. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री भारत सरकारनं १३ मार्चपासून जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित केले. १६ मार्चला आदेश निघाला की युरोपीय संघ, ब्रिटन आणि तुर्कस्तान इथून १८ मार्चपासून कोणत्याही कंपनीनं भारतासाठी प्रवासी चढवू नयेत. १७ मार्चला अफगाणिस्तान, फिलिपिन्स आणि मलेशिया ही नावं जोडली गेली, आणि तीही तात्काळ. १९ मार्चला जाहीर झालं की २२ मार्चपासून एकही आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान भारतात उतरणार नाही. आधी आठवड्याभरापुरतं. प्रत्यक्षात नियमित आंतरराष्ट्रीय सेवा पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. म्हणजे एक आठवडा सांगितला होता, तो दोन वर्षं आणि वर पाच दिवस चालला.

यातली एक गोष्ट त्या गडबडीत फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. १३ मार्चची बंदी परदेशी लोकांच्या व्हिसावर होती. १८ मार्चची बंदी मात्र प्रवाशावर होती, त्याचा पासपोर्ट कुठलाही असो. लंडनच्या विमानतळावर उभा असलेला भारतीय नागरिक भारताचाच पासपोर्ट हातात धरून भारतात येऊ शकत नव्हता. त्याला अडवणारा कुणी सीमेवरचा अधिकारी नव्हता. त्याला अडवत होती विमान कंपनीच्या काउंटरवरची एक मुलगी, कारण आदेश तिच्या कंपनीला होता.

क्वालालंपूरचा प्रसंग घ्या. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी मनिलाहून निघाले, क्वालालंपूरला विमान बदलायचं होतं. ते वाटेत असताना १७ मार्चचा आदेश आला आणि पुढचं विमान रद्द झालं. आता विमान बदलणारा प्रवासी कायद्याच्या दृष्टीनं कुठे असतो? त्याच्याकडे मलेशियाचा व्हिसा नाही, म्हणजे तो शहरात जाऊ शकत नाही. मागे जायचं तर फिलिपिन्स दारं लावत होतं. पुढे आपला देश घेत नाही. तो असतो एका बाकावर, मोबाइल चार्ज करायला जागा शोधत. त्या मुलांचे व्हिडिओ घरोघरी फिरले, ओरड झाली, आणि मग सरकारनं खास परवानगी देऊन दिल्लीला आणि विशाखापट्टणमला विमानं येऊ दिली. २१ मार्चच्या सुमारास ॲमस्टरडॅमहून दिल्लीकडे निघालेलं एक विमान तर उतरायची परवानगी न मिळाल्यामुळे वाटेतून परत फिरलं. २५ मार्चपासून दुबईचा विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला. आपल्याकडून युरोप-अमेरिकेला जाणारे निम्मे रस्ते दुबई, अबू धाबी, दोहा इथून जातात. मधला एक सांधा निखळला की दोन्हीकडची तिकिटं निकामी.

अशा वेळी माणसाचं नेमकं काय होतं? पहिलं तिकीट रद्द होतं. परतावा 'प्रक्रियेत' असतो. तो घाबरून दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतो, दुप्पट पैशांत. तेही रद्द होतं. आता दोन तिकिटांचे पैसे अडकले आणि तो आहे तिथेच. व्हिसाची मुदत संपत आलेली. वसतिगृहं रिकामी करायला सांगितलेलं. आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतले आईवडील त्या वेळी अमेरिकेत मुलांकडे होते. जाताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मोजून नेलेल्या असतात, परतीच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या. त्या संपल्या. तिथे नव्यानं घ्यायच्या तर आधी डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि डॉक्टरची फी ऐकूनच रक्तदाब वाढायचा. प्रवास विम्याची कागदं बाहेर काढली तर पुष्कळदा आधीचे आजार वगळलेले, आणि काही ठिकाणी साथही वगळलेली.

बोटीच्या काळातलं परतणं

आता थोडं मागे जाऊ. परक्या देशात अडकलेल्या भारतीयाला घरी कोणी पोचवायचं, हा प्रश्न काही विमानांबरोबर आला नाही. तो किमान दोनशे वर्षं जुना आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रजी जहाजांवर भारतीय खलाशी असत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. बंगाल, गुजरात, आपलं कोकण आणि गोवा इथली ही माणसं. जहाज लंडनला लागलं की त्यांचं काम संपे, आणि परतीच्या जहाजावर जागा मिळेपर्यंत ती थंडीत रस्त्यावर येत. ओरड झाली, तेव्हा ब्रिटिश संसदेनं १८१४ मध्ये कायदा करून त्यांच्या राहण्या-जेवणाची आणि परतीची जबाबदारी ईस्ट इंडिया कंपनीवर टाकली. १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात अशा परदेशी खलाशांसाठी एक आश्रयगृह सुरू झालं. ऐकायला दयाळूपणा वाटतो. पण त्या कायद्यांमागे दुसरा हेतूही स्पष्ट होता. ही माणसं इंग्लंडात राहता कामा नयेत. त्यांना घरी पोचवणं आणि त्यांना बाहेर काढणं, या दोन गोष्टी एकाच तिकिटावर लिहिलेल्या होत्या.

दुसरं उदाहरण आयांचं. इंग्रज कुटुंब मायदेशी जायला निघालं की मुलांना सांभाळायला इथली आया बरोबर घेई. लंडनला पोचलं की तिची गरज संपे. लंडनमध्ये अशा बायकांसाठी 'आयाज होम' होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हॅकनी भागात होतं. तिथली व्यवस्था मोठी विचित्र. आयेचं परतीचं तिकीट त्या घराकडे जमा होई, आणि भारतात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की ते तिकीट आणि ती आया त्या कुटुंबाकडे जात. म्हणजे ती घरी यायची, पण पुन्हा कुणाची तरी मुलं सांभाळत. ज्या मालकानं तिकिटाची सोय केलीच नाही, त्याच्या आयेनं वाट बघायची.

तिसरं उदाहरण गिरमिटियांचं. फिजीला गेलेल्या मजुराचा करार पाच वर्षांचा. पाच वर्षांनी परत यायचं तर स्वतःच्या पैशांनी. फुकट परतीचा प्रवास हवा तर दहा वर्षं तिथे काढायची. पाच वर्षांच्या मजुरीतून बोटीचं भाडं किती जणांना जमणार? परतीचा हक्क कागदावर होता, त्याची किंमत आणखी पाच वर्षं होती. आणि दहा वर्षांत माणूस तिथलाच होऊन जायचा.

या तिघांत समान काय आहे? परतणं हा त्यांचा नागरिक म्हणून हक्क नव्हता. ते मालकानं किंवा कंपनीनं करारात घातलेलं एक कलम होतं. कलम असेल तर परत, नाही तर नाही. हे लक्षात ठेवा, कारण २०२० मध्ये आपण फिरून याच जागी येणार आहोत.

जाण्याचा हक्क आणि येण्याचा हक्क

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं असं आपण मानतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १३ वं कलम सांगतं की प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १२ व्या कलमात म्हटलं आहे की स्वतःच्या देशात प्रवेश करण्याचा हक्क कुणाकडूनही मनमानीनं काढून घेता येणार नाही. भारतानं तो करार १९७९ मध्ये स्वीकारला.

पण आपल्या न्यायालयांतले गाजलेले खटले बघा. १९६७ चा सतवंत सिंग यांचा खटला, ज्याच्यामुळे पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८ चा मनेका गांधी यांचा खटला. दोन्ही कशाबद्दल आहेत? बाहेर जाण्याबद्दल. सरकारनं पासपोर्ट अडवला म्हणून माणूस जाऊ शकत नाही, हा वाद. परत येण्याच्या हक्कावर असा गाजलेला वाद झाला नाही, कारण आपल्याच घरात यायला कोण अडवणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

संकटात अडकलेल्यांना आणण्याचा आपल्याला अनुभवही होता. १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा एअर इंडियानं ४८८ फेऱ्या करून सुमारे १ लाख ११ हजार माणसं आणली, बहुतेक जॉर्डनमधल्या अम्मानहून. २०११ ला लिबिया, २०१५ ला येमेन. कोविडच्या सुरुवातीलाही १ आणि २ फेब्रुवारी २०२० ला वुहानहून एअर इंडियाची दोन विमानं साडेसहाशेच्या आसपास माणसं घेऊन आली. पण त्या सगळ्या वेळी धोका तिकडे होता आणि घर सुरक्षित होतं. मार्च २०२० मध्ये पहिल्यांदा घरालाच येणाऱ्याची भीती वाटायला लागली. मुंबईत उतरणाऱ्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जात होता, निवडणुकीची असते तशा न पुसणाऱ्या शाईनं. येणारा आपला होता, पण संशयितही होता.

तिकीट म्हणजे काय

आता विमान कंपनीकडे वळू. तिकीट हा करार आहे. तुम्ही पैसे दिले, कंपनीनं अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोचवायचं कबूल केलं. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पैसे परत, हे सामान्य तत्त्व. पण परत पोचवण्याचं काय?

याचं एक चांगलं उदाहरण युरोपात आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, राखेमुळे आठवडाभर युरोपचं आकाश बंद झालं, सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली, १ कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. पोर्तुगालमध्ये अडकलेल्या एका प्रवाशानं विमान कंपनीकडे राहण्या-जेवणाचा खर्च मागितला. तिकीट होतं शंभर युरोंच्या आतलं आणि खर्च झाला होता हजारांवर. कंपनी म्हणाली, ज्वालामुखी काही आम्ही फोडला नाही. युरोपीय न्यायालयानं ३१ जानेवारी २०१३ ला निकाल दिला : अस्मानी संकट असलं तर नुकसानभरपाई द्यावी लागणार नाही, पण अडकलेल्या प्रवाशाची देखभाल करावीच लागेल. उलट अशाच वेळी ती जास्त लागते.

तत्त्व सुंदर आहे. पण ते एका आठवड्याच्या राखेसाठी पेललं. महिनोन्‌महिने जग बंद राहिल्यावर काय? इथे विमान कंपन्यांचा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. तुम्ही जानेवारीत मेचं तिकीट काढता तेव्हा ते पैसे कंपनी तुमच्या नावानं डब्यात ठेवत नाही. त्यातून आजचं इंधन, आजचे पगार, विमानाचं भाडं भागतं. उद्याच्या प्रवाशाच्या पैशांवर आजचं विमान उडतं. विमानं थांबली तेव्हा जगभरच्या कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे 'आयाटा'नं, न वापरलेल्या तिकिटांच्या परताव्याचा आकडा एका तिमाहीसाठी ३५ अब्ज डॉलर सांगितला. तेवढे पैसे हातात नव्हते. म्हणून बहुतेकांनी रोख रकमेऐवजी पुढे वापरायची पावती द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तिला 'क्रेडिट शेल' म्हणतात.

सरकारनं १६ एप्रिल २०२० ला परताव्याचा आदेश काढला, पण तो मुख्यतः टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांसाठी होता. बहुतेकांची तिकिटं तर त्याआधीची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालानं टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब, आधीच्या तिकिटांचे १५ दिवसांत परत करायला सांगितले. ज्या कंपनीला खरोखर जमत नसेल तिला ३१ मार्च २०२१ पर्यंतचा क्रेडिट शेल देण्याची मुभा दिली. पण तो दुसऱ्याला देता येईल, आणि न वापरल्यास रक्कम दर महिन्याला थोडी वाढत जाऊन परत मिळेल, अशा अटी घातल्या. भारतातून काढलेल्या परदेशी कंपन्यांच्या तिकिटांचाही पूर्ण परतावा द्यायला सांगितला.

हा निकाल प्रवाशाच्या बाजूचा होता, यात शंका नाही. पण त्याची तारीख बघा. विमानं थांबल्यावर सहा महिने उलटलेले. ज्याला एप्रिलमध्ये खोलीचं भाडं द्यायचं होतं त्याला ऑक्टोबरचा निकाल काय कामाचा? आणि दुसरी गोष्ट अशी की संपूर्ण वाद पैशांचा होता. माणूस कुठे आहे, हा मुद्दाच त्यात नव्हता. करारात माणसाची किंमत त्याच्या भाड्याएवढी असते, भाडं परत केलं की करार मोकळा.

यादी, भाडं आणि कागद

मग राहिलं सरकार. २२ मार्च ते ७ मे, साडेसहा आठवडे भारतात परतण्याचा जवळजवळ कोणताच रस्ता नव्हता. याचिका दाखल झाल्या. १३ एप्रिलला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं त्या चार आठवडे पुढे ढकलल्या, आणि सध्या जिथे आहात तिथेच थांबा असं सुचवलं. सरकारचं म्हणणंही अगदी निराधार नव्हतं. आलेल्यांना ठेवायला जागा नव्हती, चाचण्या पुरेशा नव्हत्या.

७ मे २०२० ला 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. पहिली विमानं अबू धाबीहून कोचीला आणि दुबईहून कोळिकोडला आली. पहिल्या आठवड्यात १२ देशांतून ६४ फेऱ्या, पावणेपंधरा हजारांच्या आसपास माणसं, असा आराखडा होता. लंडनहून पहिलं विमान १० मेच्या पहाटे मुंबईत उतरलं. समुद्रातून नौदलाचं 'समुद्र सेतू' चाललं होतं. आयएनएस जलाश्व मालदीवहून ६९८ जणांना घेऊन १० मेलाच कोचीला लागली. पुढे वर्षभरात या सगळ्या मार्गांनी लाखो लोक घरी आले. हे काम मोठं होतं आणि ते धोका पत्करून केलं गेलं. ७ ऑगस्टला दुबईहून आलेलं वंदे भारतचं विमान कोळिकोडच्या पठारावरच्या धावपट्टीवरून भर पावसात खाली घसरलं. १९० जणांपैकी २१ जण गेले. त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे हे आपल्या नागपूरशी नातं असलेले, हवाई दलातून निवृत्त झालेले. घरी आणण्याच्या कामात माणसं गेली, हे विसरता कामा नये.

पण इतिहासाचा अभ्यास करताना यादीकडे बघावं लागतं. या विमानात जागा कशी मिळे? दूतावासाकडे नाव नोंदवायचं. प्राधान्य कुणाला, तर नोकरी गेलेले मजूर, व्हिसा संपलेले, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात मृत्यू झालेले, विद्यार्थी. निकष रास्त होते. पण तो क्रम लावणारा होता दूतावासातला कर्मचारी. त्याच्यासमोर हजारो अर्ज, आणि प्रत्येकाचं दुःख त्याच्या दृष्टीनं पहिलं. मग भाडं. लंडन-मुंबई सुमारे ५० हजार रुपये, अमेरिकेतून सुमारे १ लाख. आधीच्या रद्द तिकिटाचे पैसे अडकलेले असताना हे नवं तिकीट. उतरल्यावर १४ दिवसांचं विलगीकरण, तेही बहुतेक ठिकाणी स्वखर्चानं. आखातातल्या ज्या मजुराला दोन महिने पगार नव्हता, त्याला या मोहिमेचं दार दिसत होतं. उंबरठा मात्र उंच होता.

आणि कागद. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आईवडील भारतीय नागरिक, एच-१बी व्हिसावर. मूल तिथे जन्मलं म्हणून अमेरिकन नागरिक, त्याच्याकडे ओसीआय कार्ड. मार्चमध्ये ओसीआय कार्डावरचा प्रवेशही स्थगित झाला होता. नोकरी गेली की एच-१बी वाल्याकडे ६० दिवस असतात. देश सोडायला हवा, वंदे भारतमध्ये जागाही मिळालेली, आणि विमानतळावर कळतं की आईबाप चढू शकतात, वर्षाचं बाळ नाही. आईच्या कडेवरचं मूल परदेशी ठरलं! २२ मेला गृह मंत्रालयानं अशा मुलांना सूट दिली तेव्हा हा गुंता सुटला.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं तक्रार केली की भारत सुटकेच्या नावाखाली एअर इंडियाला तिकिटं विकू देतो आणि अमेरिकन कंपन्यांना मात्र येऊ देत नाही. त्यातून जुलैमध्ये दोन्ही देशांच्या कंपन्यांना मर्यादित उड्डाणं करू देणारे 'एअर बबल' करार झाले. म्हणजे अडकलेल्या माणसासाठी दार थोडं अधिक उघडलं, ते दोन देशांच्या धंद्याच्या भांडणातून.

उलट बाजूनं

हा प्रश्न भारतापुरता समजू नका. आपल्याकडेही परदेशी अडकले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटिश सरकारनं गोव्याच्या दाबोळीहून, मुंबईहून आणि दिल्लीहून खास विमानं करून आपली माणसं नेली. घानाचा एक तरुण फुटबॉलपटू केरळात खेळायला आला होता. परतीचं विमान रद्द झालं आणि तो मुंबई विमानतळावर दोन महिन्यांहून अधिक काळ राहिला. विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी आणि सुरक्षा जवानांनी त्याला खाऊपिऊ घातलं. कुठल्याही करारात वा आदेशात ते लिहिलेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियानं तर पुढची पायरी गाठली. एप्रिल २०२१ च्या अखेरीस, आपल्याकडे दुसरी लाट असताना, भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही बंदी केली. मोडली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद. सुमारे ९ हजार ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात होते, त्यांतले पुष्कळसे भारतीय वंशाचे. बंदी मेच्या मध्यावर उठली. पण आपल्याच घरी येणं हा गुन्हा ठरू शकतो, हे एका लोकशाही देशानं कायद्यात लिहून दाखवलं.

एका रात्रीचं अंतर

शेवटाकडे येतो. ७ मेच्या रात्री कोची आणि कोळिकोडला पहिली विमानं उतरली. सगळ्या वाहिन्यांवर ते दिसत होतं. त्यानंतर काही तासांनी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेनं चालत निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. त्यांना श्रमिक रेल्वे गाठायची होती. ते परदेशात नव्हते, त्यांच्या घराला आणि त्यांना वेगळं करणारी कोणतीही सीमा नव्हती. तरी तेही अडकलेलेच होते. घरी कसं पोचायचं, एवढाच त्यांचाही प्रश्न होता.

या दोन घटना मी एकमेकींविरुद्ध उभ्या करत नाही. विमानानं आलेल्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. पण शेजारी ठेवल्या की दिसतं, परतणं कशाच्या आधारावर मिळत होतं. तिकिटाच्या, यादीतल्या क्रमांकाच्या, भाड्याच्या, बरोबर कागदाच्या. लंडनमधल्या आयेसारखं. आपण नागरिक झालो, जाहीरनाम्यांवर आणि करारांवर सह्या झाल्या, तरी प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा परतणं पुन्हा एक कलमच निघालं, कुणाच्या तरी आदेशातलं.

मग करायला काय हवं? तीन गोष्टी मला दिसतात. सीमा बंद करायचीच तर नागरिकांना परतायला ठरावीक अवधी मिळावा, आणि वाटेत असलेल्याला तर कधीच मागे ढकलू नये. विमानं थांबवण्याचा आदेश निघेल त्याच दिवशी परताव्याचा आदेशही निघावा, सहा महिन्यांनी नव्हे. आणि ज्याला भाडं परवडत नाही त्यालाही आणलं जाईल, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. दूतावासांकडे २००९ पासून अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. अशा प्रसंगी तो मागणाऱ्याच्या चिकाटीवर सोडू नये.

यातली एकही गोष्ट साथ चालू असताना ठरवता येत नाही. तेव्हा सगळे घाबरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस आधी दार लावतो. ठरवायचं असतं ते दार उघडं असताना, म्हणजे आता.